झिजेचे खाते

शेतीच्या जमाखर्चात बियाणे, खत, मजुरी, पाणीपट्टी आणि सोसायटीचे व्याज ही सारी खाती कलमवार मांडणारा चोख बागायतदारसुद्धा एक खाते सहसा उघडीत नाही, आणि ते म्हणजे लोखंडाच्या झिजेचे. नांगराचा फाळ, कुळवाची फास, विळा, खुरपे आणि अलीकडच्या काळात पॉवर टिलरची पाती ही सारी अवजारे हंगामाच्या आरंभी पूर्ण वजनाने मातीत उतरतात आणि हंगाम सरतेवेळी काही अंशांनी हलकी होऊन बाहेर येतात. मधला जो फरक, तो मातीतच राहिलेला असतो, आणि सातबाऱ्याच्या कोणत्याही रकान्यात त्याची नोंद होत नाही. बारामती आणि इंदापूर यांच्या दरम्यान, कालव्याच्या वरच्या अंगाला, माळाच्या उतरणीवर माझी डाळिंबाची बेताची बाग आहे, आणि झाडांच्या दोन ओळींमधून मोठा ट्रॅक्टर फिरविण्याइतकी जागा नसल्यामुळे तेथे लहान टिलर चालविण्याचा प्रघात मी शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून ठेवला आहे. हे खाते माझ्यापुरते उघडले गेले ते त्या टिलरमुळे; आणि त्यातील खर्चाची बाजू आवरावी म्हणून घराच्या मागील पडवीत वेल्डिंगचे एक यंत्र आणून बसविले, तेव्हापासून त्या खात्यात मला पैशांखेरीज आणखीही काही दिसू लागले.

या दोन तालुक्यांची जमीन एकजिनसी नाही. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला, आणि पुरंदर, बारामती व इंदापूर या तालुक्यांतून पूर्वेकडे जाणाऱ्या त्या पाण्याच्या रेषेने खालची बागाईत आणि वरची जिराईत अशी एक हद्दच जणू कायम करून टाकली. खालच्या अंगाला, नीरेच्या काठापर्यंत, खोल काळी माती. उसाला ती मानवली, आणि जेथे पाण्याचा अतिरेक झाला तेथे ती चोपण होऊन बसली. वरच्या अंगाला मुरूम, आणि त्याखाली हातभर खणले की कातळ. आता या कातळाचा एक गुण असा, की लाव्हारस थंड होताना त्यात ज्या असंख्य पोकळ्या राहून गेल्या, त्यांत पुढे सिलिका साचून गारगोट्या तयार झाल्या, आणि भोवतालचा खडक कालांतराने कुजून त्याचा मुरूम झाला तरी गारगोट्या मात्र जशाच्या तशा उरल्या. काठिण्याच्या मापात गारगोटीचा अंक ७ धरतात. साधे मऊ लोखंड ४ च्या आसपास असते, आणि उत्तम पाणी दिलेले पोलादही बहुधा ७ च्या अलीकडेच थांबते. याचा अर्थ असा, की माळावरच्या जमिनीत फिरणारे कोणतेही पाते हे आपल्याहून कठीण अशा प्रतिपक्षाशी झुंजत असते, आणि त्याचा पराभव ही केवळ मुदतीची बाब असते. टिलरचा दांडा मिनिटाला दोनशेहून अधिक फेरे घेतो आणि पात्याचे टोक दर फेऱ्याला एकदा भुईवर आदळते; एवढा हिशेब मांडला म्हणजे झीज का होते हा प्रश्न उरत नाही, ती इतक्या सावकाश कशी होते याचेच नवल वाटू लागते.

झिजलेले पाते हातात घेऊन पाहण्याचा छंद मला लागला तो या नवलापोटी. टिलरचे पाते काटकोनात वाकविलेले असते. त्याचा एक पाय दांड्यावरच्या चकतीला बोल्टने आवळलेला आणि दुसरा आडवा होऊन माती कापीत जाणारा. प्रथम झिजतो तो वाकाचा बाहेरचा कोपरा, त्यानंतर आडव्या पायाची धार, आणि अखेरीस एक वेळ अशी येते की मूळचा रुंद पाय बोटभर जिभेसारखा उरतो आणि माती कापण्याऐवजी तिला नुसता चापटत राहतो. परंतु सारी पाती सारखी झिजत नाहीत. ठिबकच्या नळीलगतची माती ओलसर आणि भुसभुशीत असते, तर दोन ओळींच्या मधला पट्टा फवारणी आणि तोडणी करणाऱ्या माणसांच्या रोजच्या जाण्यायेण्याने तुडविला जाऊन घट्ट झालेला असतो. सबब दांड्याच्या मधल्या पात्यांची झीज कडेच्या पात्यांहून अधिक. एका हंगामात ओळीच्या उत्तर टोकाकडून आलेल्या प्रत्येक फेरीत खणखण असा आवाज येई आणि पात्यांच्या धारेत बारीक दाते पडलेले आढळत; तेथे उकरून पाहिले तेव्हा पूर्वी कधीतरी सपाटीकरणात ओढून आणलेल्या मुरमाचा गारगोट्यांनी भरलेला ढीग निघाला. मृद्‌परीक्षेच्या दाखल्यात सामू, क्षार आणि सेंद्रिय कर्ब यांचे आकडे असतात. जमीन अवजाराशी कशी वागते याचा दाखला मात्र अवजारच देते. वाफसा येण्याची वाट न पाहता कोरड्या भुईत टिलर घातला असेल, तर तोही अधीरपणा पात्यावर लिहिलेला असतो.

पूर्वी हा दाखला वाचणारा माणूस गावात एकच असे, आणि तो म्हणजे लोहार. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गांव-गाडा’ या ग्रंथात बलुतेदारांची जी व्यवस्था वर्णिली आहे, तीत लोहाराने वर्षभर कुणब्याचे फाळ आणि फास शेवटून द्यावे आणि खळ्यावर धान्याचे बलुते न्यावे, असा करार गृहीत धरलेला असे. झिजलेली फास भात्यावर लाल करून, ऐरणीवर तिचे मागचे जाड अंग ठोकून पुढे ओढीत आणावयाचे, धार काढावयाची आणि शेवटी पाणी द्यावयाचे, हे त्याचे शास्त्र. त्यात नवी धातू फारशी पडत नसे. अवजाराच्या अंगचीच शिल्लक पुढे सरकविली जाई. ज्या गावी लोहाराचे घर नसे तेथे घिसाड्यांचे बिऱ्हाड वर्षातून एकदा येऊन वेशीबाहेर उतरे. पुरुष सांडशीत लोखंड धरून बसे आणि घण मात्र त्याची बायको चालवी. लुगड्याचा पदर खोचून, एकही घाव न चुकविता, तालात घण उचलणाऱ्या त्या स्त्रिया मी लहानपणी पाहिल्या आहेत, आणि बळ व कौशल्य यांचा इतका अबोल मिलाफ मला पुढे कोठे क्वचितच आढळला. इंदापूर रस्त्याच्या कडेला अजूनही एखादे वेळी त्यांची पाले दिसतात. परंतु त्यांच्यापुढे शेवटण्यासाठी आता कुऱ्हाडी आणि कोयतेच येतात, यंत्राची पाती येत नाहीत.

ही ताटातूट एका दिवसात झालेली नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर करावयास घेतले तेव्हा लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिले नांगर खपविण्यास त्यांना फार सायास पडले, ही कथा महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि त्यानंतरच्या पिढीत ती समजूतही नष्ट झाली. तथापि त्या कथेची एक बाजू सहसा सांगितली जात नाही. ओतीव लोखंड भात्यावर तापवून ठोकता येत नाही; घणाखाली ते फुटते. म्हणजे ओतीव भाग झिजला की तो ऐरणीवर न्यावयाचा नसून दुकानातून नवा आणावयाचा, असा व्यवहार त्या अवजाराबरोबर खेड्यात शिरला, आणि ‘सुटा भाग’ हा नवा पदार्थ कुणब्याच्या संसारात दाखल झाला. मी याला अधोगती मानीत नाही. लोखंडी नांगराने हरळीची जमीन उलटली आणि ज्या कामाला बैलांच्या अनेक जोड्या लागत ते थोडक्या बैलांत होऊ लागले, हा लाभ लहान नव्हे. एवढेच की दुरुस्तीचा हक्क गावाच्या हातून अलगद निघून गेला आणि त्याबद्दल कोणी हरकतही नोंदविली नाही.

पुढे फिरत्या पात्यांचे यंत्र आले. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स प्रांतात गिलगंड्रा नावाच्या गावी आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या तरुणाने १९१२ मध्ये वडिलांच्या शेतावर त्याचे पहिले प्रयोग केले. सरळ पाती माती भलतीकडे उडवितात असे दिसून आल्यावर त्याने ती वाकविली, आणि आज माझ्या पडवीत पडलेल्या पात्याचा काटकोन हा त्या प्रयोगांचाच वंशज आहे. आपल्याकडे बंगळूरच्या आणि केरळातील कारखान्यांनी जपानी नमुन्यावरून पॉवर टिलर बनविण्यास आरंभ केला तो मुख्यतः भाताच्या चिखलणीसाठी, म्हणजे मऊ, पाण्याने भरलेल्या खाचरांसाठी. तेच यंत्र दख्खनच्या मुरमावर आणून सोडले म्हणजे त्याची पाती अल्पायुषी ठरावीत यात यंत्राचा दोष नाही. भाताच्या खाचरात आणि गारगोट्यांच्या माळावर एकाच मापाचे पाते चालावे, ही अपेक्षा करणारे आपणच.

विजेच्या ज्वालेने लोखंड जोडण्याची विद्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. परंतु ती भरवशाची झाली ती स्वीडनच्या ऑस्कर केल्बर्गमुळे. जहाजांचे बॉयलर दुरुस्त करताना उघड्या तारेने घातलेली भर ठिसूळ होते, कारण वितळलेल्या लोखंडात हवा शिरते, हे ओळखून त्याने तारेवर खनिजांचा लेप चढविला आणि १९०७ च्या सुमारास त्याचे हक्क नोंदविले. तो लेप जळताना वायूचे आवरण देतो आणि नंतर खपली होऊन तापलेल्या भरीवर पांघरूण घालतो. बारामतीच्या कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात पुड्यातून मिळणारा रॉड हा तत्त्वतः तोच. यंत्रे मात्र फार बदलली. तेलात बुडविलेल्या तांब्याच्या वेटोळ्यांचे जुने अवजड यंत्र सुरू केले की वाडीतले दिवे मिणमिणत आणि शेजारच्या वहिनी दारात येऊन, मालिका संपेपर्यंत तरी दम धरा, असे मोठ्या अदबीने बजावून जात. आताचे इन्व्हर्टर पद्धतीचे यंत्र एका हाताने उचलता येते, घरच्या एकेरी फेजवर चालते, आणि शेतीच्या वाहिनीवर वीज कधी दिवसा तर कधी रात्री पाळीने येते, त्या पाळीशीही त्याला कर्तव्य नसते. घरच्या घरी वेल्डिंग करण्याची मुभा सामान्य शेतकऱ्यास मिळाली ती या यंत्राने.

मुभा मिळाली म्हणून विद्या येत नाही. गावातल्या गॅरेजचे तात्या, जे जातिवंत लोहाराच्या घरातले आणि ज्यांचे वडील भात्यावर काम करीत, ते माझे पहिले काम उलटेपालटे करून पाहत म्हणाले होते, “गुरुजी, चिकटलं म्हंजी जुळलं न्हवं.” या एका वाक्यात धातुशास्त्राचा जो आशय आहे, तो मला पुढे पुस्तकांतून कळला. पाते साध्या लोखंडाचे नसते. त्याला धार टिकावी म्हणून त्यात कर्बाचे प्रमाण अधिक ठेवलेले असते किंवा बोरॉनचा अंश मिसळलेला असतो, आणि कारखान्यात त्याला पाणी दिलेले असते. असे पोलाद थंड असताना त्यावर ज्वाला धरली, तर भरीलगतचा पट्टा क्षणात तांबडालाल होतो आणि उरलेल्या थंड अंगाने उष्णता ओढून घेतल्यामुळे क्षणातच निवतो. हे निवणे म्हणजे पाणी देण्यासारखेच. त्या अरुंद पट्ट्यात लोखंडाचे मार्टेन्साइट नावाचे रूप तयार होते, जे काचेसारखे कठीण आणि काचेसारखेच ठिसूळ असते. त्यात रॉड पावसाळी हवेने ओलसर झालेला असेल, तर ओलाव्यातील हायड्रोजन भरीत शिरतो आणि त्या ठिसूळ पट्ट्यात जाऊन दडून बसतो. काम संपल्यावर सांधा उत्तम दिसतो, रात्र जाते, आणि दुसऱ्या दिवशी केसाएवढा तडा उमटतो. नवखा माणूस दोष रॉडच्या कंपनीला देतो. दोष घाईचा असतो.

म्हणून पाते यंत्रावरून उतरवावे. टिलरला लागलेले असतानाच त्यावर भर घालण्याचा आळस पुष्कळ जण करतात, आणि अर्थिंगचा चिमटा हँडलला अडकवून देतात. अशा वेळी वीज बेअरिंगांतून मार्ग काढते, गोळ्यांवर बारीक खड्डे पाडते, आणि पात्याच्या दुरुस्तीत बेअरिंगाचा बळी जातो. शिवाय जवळच इंधनाची टाकी असते, हे निराळे सांगावयास नको. उतरविलेले पाते तारेच्या ब्रशाने आणि ग्राइंडरने चकचकीत होईतो घासावे, कारण खतांच्या क्षारांनी धरलेला गंज भरीत बुडबुडे करतो. मग ते तापवावे. आमच्या चुलीतल्या निखाऱ्यांवर हे काम निर्वेध होते: पाण्याचा थेंब टाकला असता तो तेथेच चरचरून न आटता गोळी होऊन नाचत निघून गेला, की पाते दोनशे अंशांच्या घरात आले असे समजावे. प्रवाह बेताचा ठेवावा. सव्वातीन मिलिमीटरच्या रॉडला शंभर ते सव्वाशे अँपिअर पुष्कळ होतात. आखूड आखूड टाके घालावेत, प्रत्येक टाक्यावरची खपली झाडावी, आणि काम संपताच पाते चुलीच्या कोरड्या राखेत पुरून ठेवावे, म्हणजे ते रात्रभर हळूहळू निवते. डोळ्यांवर काळी काच नसेल तर ठिणगीकडे एकदाही पाहू नये. ज्याच्या डोळ्यांना आर्क लागली आहे आणि ज्याने मध्यरात्री पापण्यांखाली वाळू भरल्याचा अनुभव घेतला आहे, त्याला हे पुन्हा सांगावे लागत नाही. बटाट्याच्या चकत्या आणि दुधाच्या घड्या यांनी गारवा वाटतो हे खरे, पण औषध डॉक्टरांकडचेच घ्यावे.

भर कशाची घालावी, याविषयी आमच्या भागात दोन पंथ आहेत. एक पंथ ट्रकच्या जुन्या पाट्याची पट्टी कापून ती झिजलेल्या पायावर जोडणाऱ्यांचा. पाट्याचे पोलाद चिवट असते, फुकटात मिळते, आणि सांधा नीट साधला तर चांगले चालते. परंतु पाटा आणि पाते ही दोन्ही अधिक कर्बाची, त्यामुळे सांध्याच्या दोन्ही बाजूंना तड्याची धास्ती. दुसरा पंथ क्रोमियम कार्बाइडचा कठीण रॉड वापरणाऱ्यांचा. त्याच्या भरीपुढे ग्राइंडरसुद्धा कुरकुरतो. माझा कौल दुसऱ्या पंथाकडे, पण एका अटीवर: ही भर पात्याच्या एकाच अंगावर, धारेलगत, एका थराची, फार तर दोन थरांची असावी. उंदराच्या पुढच्या दातांना कठीण मुलामा फक्त समोरच्या बाजूने असतो. मागची मऊ बाजू आधी झिजते आणि त्यामुळे दात आपोआप धारदार राहतो. पात्याचेही तसेच. दोन्ही अंगांनी भर घातली तर पाते टिकते खरे, पण बोथट होऊन टिकते, आणि बोथट पाते इंजिनाचे डिझेल पिते. थरांची हाव धरली तर भर पापुद्र्यासारखी निघून येते. काम झाल्यावर प्रत्येक पाते घरच्या तराजूत घालून पाहावे. समोरासमोरच्या पात्यांच्या वजनात फरक राहिला, तर फिरताना दांडा थरथरतो आणि ती थरथर हँडलवाटे चालविणाऱ्याच्या खांद्यात मुक्कामाला येते.

येथवर जे सांगितले ते हातांनी शिकण्याचे. परंतु पडवीत बसून हे काम करीत असता दुरुस्तीविषयीचे माझे एक मत हळूहळू बदलत गेले. झिजणे हा वस्तूचा पराभव आणि दुरुस्ती म्हणजे त्या पराभवाची भरपाई, असे मी समजत असे. आता असे वाटते की झीज थांबविणे हे दुरुस्तीचे काम नाहीच, झीज कोठे व्हावी हे ठरविणे हे तिचे काम आहे. गारगोटीचा घाव कोणीतरी सोसलाच पाहिजे. पाते सोसते तोवर दांडा वाचतो, दांडा सोसतो तोवर गिअरपेटी वाचते. पाते अवास्तव कठीण आणि जाड करून ठेवले, की कातळावर आदळताच ते झिजतही नाही आणि वाकतही नाही. तो धक्का जसाच्या तसा आत जातो आणि हजारो रुपयांच्या भागावर पडतो. म्हणूनच काही यंत्रांत मुद्दाम दुबळा बोल्ट ठेवलेला असतो, जो संकटसमयी प्रथम तुटावा. आणि तो वारंवार तुटतो म्हणून त्रासून त्याच्या जागी उत्तम पोलादाचा बोल्ट घालणारे, किंवा त्याला चक्क टाका मारून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. चाकाच्या आसाचे भोक मोठे झाले असता तात्या त्यात भर घालून लेथवर पुन्हा कापीत नाहीत. त्यात मऊ धातूची बुश ठोकतात, की पुढच्या खेपेस बुश झिजावी आणि आस शाबूत राहावा. स्वस्त ते झिजवावे आणि महाग ते राखावे, ही साधी अक्कल. परंतु कोणता भाग स्वस्त आणि कोणता महाग, हे ठरविणे सदैव तितके साधे नसते.

इंदापूर तालुक्यात राहून या गोष्टीचा विचार करणाऱ्यास जमाबंदीची आठवण होणे अपरिहार्य आहे. इंग्रजी अमलाच्या प्रारंभी प्रिंगल या अधिकाऱ्याने जमिनीच्या निव्वळ उत्पन्नावर बसविलेला आकार कागदावर अत्यंत शास्त्रशुद्ध होता आणि प्रत्यक्षात इतका भारी, की इंदापुरातील कुणबी जमिनी टाकून परागंदा झाले. म्हणूनच गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्या पैमाषीस हात घातला तो याच तालुक्यात. १८३६ पासून येथे लागू झालेला आकार उतरता होता, तीस वर्षांच्या मुदतीने कायम केलेला होता, आणि पडीक जमीन पुन्हा वहिवाटीस आली. मुदत संपताच १८६७ मध्ये तो चढविण्यात आला. कापसाचे भाव कोसळलेलेच होते, सावकाराचा फास आवळला, आणि १२ मे १८७५ रोजी सुपे येथे, जे आज बारामती तालुक्यात आहे, कुणब्यांनी सावकारांचे रोखे आणि वह्या जाळल्या. त्या दंग्याला आकारणी हे एकच कारण होते असे कोणी म्हणणार नाही. परंतु महसुलाच्या यंत्रणेत धक्का सोसण्याची जागा कुणब्याच्या अंगावर ठेवली गेली होती, आणि सरकारच्या हिशेबी तो स्वस्त भाग होता, एवढे मात्र खरे. विंगेटसाहेबांचे श्रेय हे, की त्या भागाला सोसण्याची एक मर्यादा असते हे त्यांनी काही काळ तरी मान्य केले.

याच इंदापूर तालुक्यात, नीरेच्या अलीकडे, कळंबजवळच्या माळावर वालचंद हिराचंद यांनी उसाचे मळे आणि साखर कारखाना उभारून वालचंदनगर वसविले. तेथील कारखान्यात पुढे साखरेची आणि सिमेंटची अवजड यंत्रे होऊ लागली, आणि नंतर भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या अग्निबाणांची कवचेही. ध्रुवीय उपग्रह प्रक्षेपकाच्या पहिल्या टप्प्याचे कवच मॅरेजिंग पोलादाचे असते. या पोलादात कर्ब जवळजवळ नसतोच. त्याची ताकद निकेल आणि इतर धातूंपासून येते, आणि म्हणूनच इतके बळकट असूनही ते जोडले असता आमच्या पात्यासारखे तडकत नाही. अशा सांध्यांची परीक्षा क्ष-किरणांनी होते. मला या योगायोगाचे कौतुक वाटते, की एकाच तालुक्याच्या मातीवर, काही कोसांच्या अंतराने, एके ठिकाणी पृथ्वी सोडून जाणाऱ्या पोलादाचा सांधा घातला जातो आणि दुसरे ठिकाणी तीच पृथ्वी खरवडणाऱ्या पोलादाचा. दोहोंची योग्यता सारखी आहे असा आव मी आणणार नाही. परंतु वितळलेल्या धातूला हवा लागू न देणे, उष्णता आवरणे आणि निवण्यास अवधी देणे, या तीन बाबतींत माळावरच्या पडवीला आणि त्या कारखान्याला नियम एकच.

घरच्या दुरुस्तीत पैसे किती वाचतात, असे मला विचारले जाते. प्रामाणिकपणे सांगावयाचे तर फार नाहीत. रॉडचा पुडा, वीज, ग्राइंडरच्या चकत्या आणि स्वतःचा वेळ रोखीत धरला, तर नव्या पात्यांच्या संचाशी बरोबरी होण्यास फारसे अंतर राहत नाही, आणि ज्याच्यापाशी मोठे क्षेत्र आहे त्याने नवा संच आणून मोकळे व्हावे हेच इष्ट. लाभ आहे तो वेळेचा. वाफसा फार तर चार-दोन दिवस टिकतो. त्या नेमक्या दिवशी पाती बोथट निघाली आणि तालुक्याच्या गावी हव्या त्या मापाचा संच शिलकेत नसला, तर तण वाढते, आणि तणाचे व्याज सोसायटीच्या व्याजाहून जबर असते. माळेगावच्या कृषी विज्ञान केंद्रात यंत्रांची प्रात्यक्षिके होतात, आणि ती उपयुक्त आहेत; तेथे यंत्र चालविण्याबरोबर त्याची पाती ओळखण्याचे, तापविण्याचे आणि भरण्याचेही शिक्षण मिळावे, एवढी माझी विनंती आहे. गावोगाव ज्या लोहारांच्या मुलांनी भाते मोडून वेल्डिंगची यंत्रे घेतली आहेत, त्यांना त्या वर्गात शिक्षक म्हणून मानधन देऊन बोलवावे, ही दुसरी.

शेवटी परीक्षेविषयी. क्ष-किरण आपल्यापाशी नाहीत. रॉकेल किंवा डिझेल आणि पाटीवरचा खडू आहे. राखेतून काढलेले पाते आणखी एक दिवस तसेच ठेवून द्यावे, मग दोरीला टांगून हातोडीने हलके वाजवावे. नाद खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर संशय धरावा. त्यानंतर सांध्याला डिझेल लावून थोडा वेळ थांबावे, फडक्याने स्वच्छ कोरडे पुसावे, आणि वर खडूची भुकटी पसरावी. तडा असेल तर आत मुरलेले तेल भुकटीत वर येते आणि काळसर रेघ उमटते. रेघ उमटलेले पाते पुन्हा भरण्याचा मोह फार होतो, कारण त्यावर आपले श्रम खर्ची पडलेले असतात. परंतु मिनिटाला दोनशे फेरे घेणाऱ्या दांड्यावरून सुटलेला पोलादाचा तुकडा चालविणाऱ्याच्या पायाकडेच येतो. ते पाते त्याच दिवशी भंगारवाल्याला देऊन टाकावे आणि नवे आणावे.